हवा कमी करून

केर्ली सोडली की डांबर संपतं,
तिथं बाबालाल नदाफ उतरतो,
दोन्ही चाकांतली थोडी थोडी हवा सोडतो,
अंगठ्यानं टायर दाबून बघतो
पेरू पिकलाय का बघावं तसा.
"हं, आता पळव."
सकाळभरात तेवढंच बोलतो तो.

मागं हमरस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर,
एकेकाला दोन दोन ट्रॉल्या
आणि ज्याचं त्याचं वेगळं गाणं.
पुढं पाणंद.
तांबड्या मुरमाच्या दोन चाकोऱ्या,
मधोमध गवताची शेंडी, दवानं चपटी झालेली.

सव्वीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली मी.
डावा कान तिथंच राहिला,
बिडाच्या चुऱ्याबरोबर झाडून गेला असणार.
डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली,
जोतिबाच्या डोंगरागत, एका बाजूनं एकदम उतरलेली.
इथपर्यंत ऐकू येतंय, म्हणाला, पुढचं नाही.
म्हणून रविवारी येतो इकडं.
उरलंय किती ते बघायला.

सायकल अर्धी विकतची, अर्धी हातची.
पुढचा आस मीच कातलाय,
सुताचा फरक काढून दाखवावा कुणी.

मुरमावर टायर चालतो तेव्हा
मागं बसून कुणीतरी सावकाश भडंग खातंय असं वाटतं.
खडी आली की दाताखाली शेंगदाणे.
ओढ्यापाशी वाळू लागते,
तिथं सगळा आवाज बुडतो,
आणि तेवढंच
मला दोन्ही कानांनी सारखं ऐकू येतं.

कुशिऱ्याच्या मागच्या चढावर
बाबालाल हात वर करून डावीकडं दाखवतो: टिटवी.
मी मान हलवतो.
त्याच्या हातावर विश्वास ठेवतो.

पोहाळ्याच्या अलीकडं बाभळीचा काटा.
चाक बसलं ते गुऱ्हाळापाशीच,
चुलाणाचा धूर उसाच्या शेंड्यांवर आडवा पडलेला.
ट्यूब काढली, हवा मारली,
घमेलंभर पाणी मागितलं.
"पाणी कशाला? आणा हिकडं,"
आक्काताई म्हणाल्या, आणि ट्यूब कानाला लावून
हळूहळू फिरवत राहिल्या,
बांगडी चढवताना फिरवावी तशी.
"ह्ये बघा. हितं बोलतंय."
मी तिथं कान लावला. उजवा.
बोलत होतं.

बांधाकडेनं खुंट्या ठोकलेल्या,
डोक्यावर लाल रंग, मधून चुन्याची रेघ.
विचारलं तर त्या खुलल्याच.
"डांबर येतंय उन्हाळ्यात! मोजून गेल्यात.
गेल्या साली सुनेला बाजल्यावरनं न्ह्यायला लागलं,
चौघं गडी, गुडघाभर चिखूल.
ह्या पोरीनं दम काढला न्हाई, वाटंतच झाली."
पोरगी काकवीनं बरबटलेली वाटी चाटत होती.
नाव शर्वरी, म्हणाल्या,
खरं सगळी पानूच म्हणत्यात. पाणंदीतली म्हणून.

"बरं होईल," मी म्हणालो.
खोटं नव्हतं ते.
बाबालाल ठिगळावर अंगठा दाबून बसला होता,
वाळेपर्यंत बसतात त्याच्यापेक्षा बराच वेळ.
मी चुन्याच्या रेघेकडं बघत होतो,
आमचे माग तिच्यावरनं
दोनदा इकडून तिकडं गेलेले.

निघताना कढत गूळ दिला, उसाच्या पाल्यावर.
पानू थोडं अंतर मागनं पळत आली,
काहीतरी ओरडली.
काय ते बाबालालला विचारायचं राहिलं.

केर्लीला परत डांबराशी आलो
तेव्हा ऊन वर आलेलं.
त्यानं पंप काढला, आपली चाकं टणक केली,
माझ्याकडं धरला.
"हवा भर. गावापर्यंत दम लागंल."

तो माझ्या डाव्या बाजूला उभा होता.
मी ऐकू आलं नाही असं दाखवलं
आणि मऊ चाकांनी,
ट्रॅक्टरांच्या मधनं,
घाम गाळत शिवाजी पुलापर्यंत आलो.